पाणचक्कीत राहिलेला अरबी पंडित: आझाद बिलग्रामींना वाचायचं कसं?



गारखेड्यात मी ज्या काकूंकडे भाड्याने राहते, त्यांनी परवा पुन्हा विचारलं, "अगं, तुझे ते बिलग्रामी झाले का लिहून?" मी म्हटलं, "काकू, अजून तिसरं प्रकरणच चालू आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "तीन वर्षं झाली की! करत काय होते ते, नोकरी कुठे होती त्यांची?"

प्रश्न साधा होता, पण मी अडकले. कारण गुलाम अली आझाद बिलग्रामी (1704–1786) या माणसाला पद, पगार आणि संस्था या रकान्यांत बसवायला गेलं की रकाने रिकामे राहतात. आणि रकाने बाजूला ठेवले, तर अठराव्या शतकात आपल्या शहरात बसून अरबीत लिहिणारा केवढा मोठा अभ्यासक होता, ते दिसायला लागतं. आजची पोस्ट त्यांच्यावर आहे. पण ही नुसती ओळख नाही. आझादांचं आज जे कौतुक होतं, त्याच्याशी माझं थोडं भांडण आहे आणि खुद्द आझादांशीही आहे.

आधी बायोडाटा

पीएचडीवाल्यांची सवय म्हणून आझादांचा बायोडाटाच करून पाहू.

जन्म 1704, बिलग्राम, म्हणजे अवधमधला कसबा. हे गाव विद्वानांसाठी प्रसिद्ध होतं. फारसी-अरबीचे पंडित तिथे होतेच, पण ब्रजभाषेतले मुसलमान कवीही होते. 'रसप्रबोध' लिहिणारे रसलीन हे याच गावचे आणि आझादांचे समकालीन. आझादांचे आजोबा (आईचे वडील) मीर अब्दुल जलील हे अरबी, फारसी, तुर्की आणि हिंदी जाणणारे होते. घरातच एवढ्या भाषा, म्हणजे आझादांना तौलनिक साहित्य हा विषय वेगळा शिकावा लागला नसणार.

नोकरी: सिंधमधल्या सेहवानला मामांच्या जागी काही वर्षं काम केलं. त्यानंतर नोकरी अशी नाही.

पुढचं शिक्षण: हजला गेले. वाटेत माळव्यात निजाम-उल-मुल्क आसफजाह यांची छावणी लागली. हा तोच काळ, जेव्हा भोपाळजवळ निजाम आणि पहिला बाजीराव समोरासमोर उभे होते. म्हणजे मराठी इतिहासाच्या पुस्तकात आपण जी लढाई वाचतो, तिच्या कडेने हा तरुण मक्केला निघाला होता. मदिनेत त्यांनी मुहम्मद हयात सिंधी यांच्याकडे हदीसचा अभ्यास केला. हे नाव लक्षात ठेवा. अरबस्तानातल्या पुढच्या मोठ्या धार्मिक चळवळीचे प्रवर्तक मुहम्मद इब्न अब्दुल वहाब हेही यांचेच विद्यार्थी. एकाच गुरूकडून एक शिष्य धर्मशुद्धीकडे गेला आणि दुसरा औरंगाबादेत येऊन नायिकाभेदावर लिहिता झाला. गुरूवरून शिष्याचा अंदाज बांधू नये, हे आमच्यासारख्या गाइडवाल्यांना बरं वाटणारं उदाहरण आहे.

1739 मध्ये ते दख्खनला आले आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियात सात वर्षं राहिले. हा तकिया म्हणजेच आपली पाणचक्की. मेहमूद दरवाजातून विद्यापीठाकडे जाताना आपण रोज ओलांडतो ती. आपण तिथे जातो, पाण्याचा पडदा बघतो, हौदातले मासे बघतो, भुट्टा खातो आणि परत येतो. पण ती नक्षबंदी सूफींची जागा होती. तिथे प्रवासी, फकीर आणि विद्यार्थी येऊन राहत आणि पाण्यावर चालणाऱ्या जात्याचं पीठ त्यांच्या पोटात जाई. आजच्या भाषेत, राहण्या-जेवणाची सोय असलेली फेलोशिप म्हणा.

पद: निजामाचा मुलगा नासिरजंग यांच्याशी दोस्ती होती. पदं चालून आली, आझादांनी घेतली नाहीत. नाकारताना त्यांनी तालूतच्या नदीचा दाखला दिला, असं सांगतात. त्या कथेत सैनिकांना नदीतून ओंजळभर पाणी प्यायची मुभा होती, त्याहून जास्त नाही. दुनियेचंही तसंच. अर्थात ओंजळ तरी होतीच. दोस्ती होती, आश्रय होता. 'सत्तेपासून दूर राहिलेले फकीर' असं जे लिहिलं जातं, ते निम्मं खरं आहे.

प्रकाशनं: अरबी कवितेचे सात दिवाण. प्रेषितांवरच्या अरबी स्तुतिकाव्यामुळे 'हस्सान-उल-हिंद' हा किताब. फारसीत कवींचे चरित्रकोश: 'सर्वे आझाद', 'खजाना-ए-आमिरा'. खुलताबादच्या सूफींवर 'रौजतुल औलिया'. आणि अरबीत 1763-64 च्या सुमाराला पूर्ण झालेला 'सुब्हतुल मरजान फी आसारि हिंदुस्तान'. म्हणजे 'हिंदुस्तानच्या स्मृतिखुणांची पोवळ्यांची जपमाळ'. माझं तिसरं प्रकरण या पुस्तकावर आहे.

पुस्तकात काय आहे?

'सुब्हतुल मरजान'चे चार भाग आहेत. पहिल्यात कुराणाची भाष्यं आणि हदीस यांत हिंदुस्तानचा उल्लेख कुठे येतो, ते गोळा केलंय. दुसऱ्यात हिंदुस्तानी उलेमांची चरित्रं. तिसऱ्यात अलंकार: भारतीय काव्यशास्त्रातले अलंकार अरबीत आणण्याचा प्रयत्न. चौथ्यात प्रेमी आणि प्रेमिका, म्हणजे आपला नायिकाभेद.

आज आझादांचं नाव निघालं की बहुतेक वेळा पहिल्या भागाचा दाखला दिला जातो. स्वर्गातून उतरल्यावर आदमचं पहिलं पाऊल सरनदीपला, म्हणजे लंकेच्या बेटावर पडलं, अशी जुनी परंपरा आहे. आझाद सरनदीपला हिंदुस्तानात धरतात आणि तिथून पुढे जातात. पहिला प्रेषित इथे उतरला, तर ईश्वरी संदेशाची पहिली भूमी हीच. या मुद्द्यावरून त्यांना 'देशभक्त' म्हटलं जातं, 'गंगा-जमनी संस्कृतीचे प्रतीक' म्हटलं जातं. भाषणात हे छान वाटतं. खरं सांगायचं तर माझ्या सिनॉप्सिसमध्येही 'समन्वय' हा शब्द चार वेळा होता. आमच्या सरांनी पेन्सिलीने चारही ठिकाणी गोल केला आणि विचारलं, "कोण कोणाशी समन्वय करतंय, ते सांग."

ते सांगायला गेले, तेव्हा माझी मांडणी कोसळली.

वाचक कोण, हे विचारून बघा

पुस्तक अरबीत आहे. औरंगाबादेत 1763 ला एखादी गोष्ट इथल्या लोकांना सांगायची असती, तर आझादांकडे फारसी होतीच. दरबार, मुन्शी, कायस्थ-खत्री लेखक, सगळे फारसी वाचत. अरबी निवडली म्हणजे वाचक वेगळा होता. मक्का-मदिनेतला विद्वान, अरबी साहित्याचा मालक समजला जाणारा माणूस त्यांच्यासमोर होता. त्याला हिंदुस्तान ठाऊक नव्हता, किंवा मसाल्यांपुरताच ठाऊक होता.

असं वाचलं की पहिल्या भागाचा सूर बदलतो. तिथे देशप्रेम असेलही, पण मुख्य काम दावा मांडण्याचं आहे. तुमच्याच प्रमाणग्रंथांत आमची भूमी आहे, ही घ्या यादी. दुसरा भागही तसाच. शेख अहमद सरहिंदी, 'शम्से बाजिगा'सारखा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिणारे मुल्ला महमूद जौनपुरी, तर्कशास्त्राचं पाठ्यपुस्तक देणारे मुहिब्बुल्लाह बिहारी, ही माणसं तो अरब वाचकापुढे उभी करतो. इब्न सीनाच्या परंपरेतलं तर्क आणि तत्त्वज्ञान हिंदुस्तानात नुसतं पाठ होत नव्हतं, त्यात भर पडत होती, हे त्या भागातून दिसतं. इस्लामी तत्त्वज्ञान बाराव्या शतकात संपलं, अशी समजूत आपल्याकडच्या अनेक नोट्समध्ये आजही असते. ती खोडायला हा दुसरा भाग एकटा पुरेसा आहे.

थोडक्यात, सीमेवरचा अभ्यासक केंद्राकडे मान्यता मागतोय. हे दुखणं मला ओळखीचं आहे. मी मराठवाड्यात बसून मराठी साहित्यावर काम करते आणि माझा पेपर मोजला जावा म्हणून तो इंग्रजीत, दूरच्या संपादकाला कळेल असा लिहिते. आझादांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण मान्यता मागताना लिखाणाचं काय होतं, हे बघणं माझं काम आहे.

पुस्तक खरं उंच जातं ते तिथे

माझ्या मते पुस्तक सगळ्यात चांगलं कुठे आहे, तर जिथे आझाद दावा विसरतात आणि शास्त्रात रमतात, त्या तिसऱ्या-चौथ्या भागांत.

थोडं समजावून सांगते. अरबी साहित्यशास्त्रात 'बदी' नावाची शाखा आहे, शब्द आणि अर्थ यांच्या सजावटीची. नवव्या शतकात इब्नुल मुअतज्जने त्यावर पहिलं पुस्तक लिहिलं आणि मग शतकानुशतकं यादी वाढत गेली. आपल्याकडेही अलंकारांची यादी अशीच वाढत गेली. दोन्ही बाजूंना काही गोष्टी सारख्या आहेत. आपला श्लेष, त्यांचा 'तौरिया' किंवा 'ईहाम'. आपली अतिशयोक्ती, त्यांची 'मुबालगा'. एखाद्या घटनेला खोटं पण सुंदर कारण द्यायचं, ती आपली हेतूत्प्रेक्षा आणि त्यांचं 'हुस्ने तअलील'. शाळेत दहा मार्कांसाठी पाठ केलेले अलंकार, पण दुसऱ्या भाषेच्या आरशात बघितले की ते पाठांतर राहत नाहीत.

सोपा रस्ता होता: 'बघा, दोन्हीकडे सारखंच आहे' म्हणून थांबायचं. आझाद थांबत नाहीत. जे अरबीत नाही, तेच उचलतात. त्याला अरबी नाव देतात आणि अरबी शेरांत ते चालवून दाखवतात. एखादा शास्त्रज्ञ दुसऱ्या प्रयोगशाळेतला प्रयोग आपल्या टेबलावर पुन्हा करून बघतो, तसं. सिद्धांताचं भाषांतर करण्यापेक्षा हे अवघड, कारण कविता जमली नाही तर सिद्धांतही पडतो.

चौथ्या भागात तर अडचण मोठी आहे. जुन्या अरबी कवितेत प्रेयसी बहुतेक वेळा निघून गेलेली असते. तिच्या तंबूच्या खुणा वाळूत उरलेल्या असतात, कवी तिथे उभा राहून रडतो. तिला नाव असतं, पण तिची बाजू फारशी ऐकू येत नाही. आपल्या नायिकाभेदात उलटं. नाव नाही, पण परिस्थिती आहे. वाट बघत सजून बसलेली वासकसज्जा, रात्री निघालेली अभिसारिका, दुसरीकडून आलेल्या प्रियकराला बघून संतापलेली खंडिता, भांडून मग पस्तावणारी कलहांतरिता. इथे बाई बोलते, रागावते, निघून जाते. हे अरबीत आणायचं म्हणजे नुसते शब्द आणून भागत नाही. कोण प्रेम करतं आणि कोण बोलतं, हा कवितेचा पायाच हलवावा लागतो. आझादांनी अठराव्या शतकात हे हातात घेतलं, ही माझ्या लेखी त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात धाडसी गोष्ट आहे. पुढे याच दोन भागांवरून त्यांनी फारसीत 'गिजलानुल हिंद' केलं, म्हणजे इथल्या वाचकांनाही ते हवं होतं.

आता भांडण

एक. नव्या अलंकारांची बरीचशी उदाहरणं आझाद स्वतःच्याच कवितेतून देतात. अलंकार मांडणारा मी, उदाहरण माझं आणि ते जमलं हे ठरवणाराही मीच. आजच्या भाषेत सेल्फ-सायटेशन. नव्या अलंकाराला जुनं उदाहरण कुठून आणणार, हा बचाव खरा आहे. तरी ब्रज किंवा संस्कृतातला मूळ श्लोक शेजारी ठेवून मग आपला शेर दिला असता, तर वाचकाला तुलना करता आली असती. 'समन्वय' म्हणताना आपण हे विसरतो की यात एका बाजूचा आवाज दुसऱ्याच्या तोंडून येतोय.

दोन. अलंकार आले, नायिका आल्या, पण रसाला चार भागांत स्वतंत्र भाग नाही. नायिकाभेद हा मुळात शृंगाररसाचा पसारा. रस बाजूला ठेवला की नायिका या नमुन्यांच्या यादीसारख्या दिसतात. यादी अरब वाचकाला पटकन कळते, हे खरं. पण घराचं दार नेलं आणि घर मागे राहिलं, असं काहीसं झालं.

तीन, आणि हे मला खरं टोचतं. आझाद 1739 पासून 1786 पर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षं या मराठी मुलखात होते. त्यांचं 'हिंदी' काव्य म्हणजे संस्कृत-ब्रजची, बिलग्रामहून सोबत आणलेली परंपरा. याच शहरात, याच वर्षांत अमृतराय कीर्तन करत होते, कटाव रचत होते. अमृतराय 1753 मध्ये वारले. म्हणजे चौदा वर्षं हे दोघं एका गावात होते. अनुप्रास आणि यमकांचा जो धबधबा कटावात असतो, तो 'बदी'च्या अभ्यासकाला हरखून टाकेल असा. तरीही आझादांच्या चौकटीत मराठी कवितेला खिडकी नाही. 'खजाना-ए-आमिरा'त मराठे आहेत, पेशवे आहेत, अब्दाली आणि पानिपतही आहे. मराठे सत्ता म्हणून दिसतात, मराठी मात्र कविता म्हणून दिसत नाही.

हे लिहिल्यावर मी स्वतःला विचारलं, की आपण काय वेगळं केलं? मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अमृतराय असतात, आझाद नसतात. उर्दूच्या इतिहासात सिराज औरंगाबादी असतात, अमृतराय नसतात. अरबीच्या विभागात आझाद शिकवतात, पण ते कोणत्या गल्लीत राहत होते, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. एका शहराचे तीन तुकडे आपण तीन विभागांत वाटून घेतले. आझादांनी निदान दोन भिंती ओलांडल्या होत्या.

आणि भिंतीला भगदाड पडलंही, शिष्याच्या हातून. लछमी नारायण शफीक, औरंगाबादेत जन्मलेले खत्री लेखक, आझादांचे शागीर्द. त्यांनी फारसीत मराठ्यांचा इतिहास लिहिला, 'बिसातुल गनाइम'. कवितेचा नाही, राज्याचाच. पण गुरूने जे पाहिलं नाही, त्याकडे शिष्य एक पाऊल सरकला.

न मोजलं जाणारं काम

बायोडाट्यात कुठे लिहावं हे कळत नाही, अशी एक गोष्ट राहिली. 1758 मध्ये औरंगाबादेत दख्खनचे दिवाण शाहनवाज खान यांचा खून झाला. घर लुटलं गेलं. मुघल अमीर-उमरावांच्या चरित्रांचा त्यांचा मोठा ग्रंथ 'मआसिरुल उमरा' हस्तलिखितात होता. त्याची पानं इकडे-तिकडे झाली. आझादांनी ती शोधून गोळा केली, लावली, प्रस्तावना लिहिली, मित्राचं चरित्र जोडलं. पुढे शाहनवाज खानांच्या मुलाने ग्रंथ वाढवून पूर्ण केला. आज मुघल इतिहासावर काम करणारा कोणीही या ग्रंथाशिवाय पुढे जात नाही. मराठा सरदारांची चरित्रंही त्यात आहेत, म्हणजे मराठेशाहीवर लिहिणाऱ्यांवरही हे उपकार आहेत.

खून झालेल्या, सत्तेच्या मर्जीतून उतरलेल्या माणसाची पानं गोळा करत फिरणं सोपं नसणार. आमच्या प्रगती अहवालात याला शून्य गुण. ना पेपर, ना परिषद, ना पुस्तकावर स्वतःचं नाव. मला मात्र 'सुब्हतुल मरजान'मधला दावा मांडणारा आझाद आणि पानं वेचणारा आझाद शेजारी ठेवल्याशिवाय माणूस पूर्ण दिसत नाही. एक जण म्हणतो, आम्हाला मोजा. दुसरा मोजदाद न करता काम करतो.

मग प्रकरणाचं काय?

'सुब्हतुल मरजान' पूर्ण होत होतं, त्याच सुमाराला निजामाची राजधानी औरंगाबादहून हैदराबादला गेली. दरबार गेला, आश्रय गेला. आझादांची कबर मात्र खुलताबादला आहे, अमीर हसन सिजजी यांच्या दर्ग्याजवळ. 'रौजतुल औलिया'त ज्या मातीतल्या लोकांची चरित्रं लिहिली, त्याच मातीत.

मी प्रकरणातला 'समन्वय' शब्द काढलाय, चारही ठिकाणी. त्याजागी 'मागणी' लिहिलंय: अरबी जगाकडे केलेली मागणी, आणि तिच्यातून मराठी सुटली ती कशी, हा उपविभाग. सर म्हणाले, "आता भांडता येईल." आमच्याकडे हे कौतुक असतं.

आझादांना सलोख्याचा पोस्टर करणारे आणि हा माणूस आपला नव्हेच म्हणणारे, दोघंही त्यांचं पुस्तक उघडत नाहीत. उघडलं तर दिसतं की ते कौतुकापेक्षा मोठं आहे आणि त्यात चुका आहेत. ज्याच्या चुका दाखवता येतात, तोच अभ्यासक आपला झाला, असं मी समजते.

काकूंना मी काल सांगितलं, "नोकरी नव्हती त्यांना, पाणचक्कीत राहायचे." काकू म्हणाल्या, "पाणचक्कीत? मग आधी नाही का सांगायचं! लहानपणी आम्ही रोज जायचो तिथे." येत्या रविवारी त्यांना घेऊन जाणार आहे. पुढच्या पोस्टमध्ये अमृतरायांचा कटाव आणि अरबी 'बदी' शेजारी ठेवून बघू, जे आझादांनी केलं नाही ते. तुमच्यापैकी कोणाच्या घरी कीर्तनाची परंपरा असेल आणि कटाव ऐकलेले असतील, तर जरूर कळवा.